मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहायला बसताना: खानदेशात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत कॉलेजची शिबिरं, बचत गट, मजुरांच्या बैठका, कधी ग्रामसभा अशा ठिकाणी आम्ही लोकांना एकत्र बसवतो आणि त्यांच्या हक्कांचा जाहीरनामा त्यांच्याकडूनच लिहून घेतो. त्याआधी १९४८ चा जागतिक जाहीरनामा कसा लिहिला गेला, हे सांगतो. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

हा जागतिक जाहीरनामा म्हणजे नेमकं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मंजूर केलेला ३० कलमांचा दस्तऐवज. जगातल्या कुठल्याही माणसाला केवळ तो माणूस आहे म्हणून कोणते हक्क आहेत, ते त्यात लिहिलं आहे. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे ५८ सदस्य देश होते. ४८ जणांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकानेही नाही, आठ तटस्थ राहिले आणि दोघांनी मतदानात भागच घेतला नाही. तटस्थ राहिलेल्यांत सोव्हिएत गटातले सहा देश, दक्षिण आफ्रिका आणि सौदी अरेबिया होते.

तो लिहिला कुणी? एलिनॉर रूझवेल्ट यांनी ना?

पाठ्यपुस्तकात त्यांचा फोटो असतो म्हणून तसं वाटतं. त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष होत्या. बैठक चालवणं, भांडणं आवरणं, वेळेत काम संपवणं ही त्यांची कामगिरी, आणि ती लहान नाही. ज्याने कधी गावात एक ठराव एकमताने करून घेतला असेल त्याला ती कळेल.

पहिला कच्चा खर्डा केला जॉन हम्फ्री या कॅनेडियन कायदेतज्ज्ञाने. तो संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात मानवी हक्क विभागाचा प्रमुख होता. वेगवेगळ्या देशांच्या राज्यघटना आणि संस्थांनी पाठवलेले मसुदे समोर ठेवून त्याने ४८ कलमं काढली. फ्रान्सच्या रेने कासाँ यांनी ती नव्याने रचली, त्यांना प्रस्तावना आणि क्रम दिला. चीनचे पेंग चुन चँग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक हे दोघे तत्त्वज्ञानाचे जाणकार आणि एकमेकांशी सतत वाद घालणारे. चिलीच्या हर्नान सांता क्रूझ यांनी अन्न, काम, सामाजिक सुरक्षा हे हक्क गळू नयेत म्हणून जोर लावला.

आयोगात १८ देश, मसुदा समितीत आठ. समितीची पहिली बैठक जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेसला झाली. १९४८ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये आमसभेच्या तिसऱ्या समितीसमोर मसुदा गेला, तिथे सगळ्या सदस्य देशांनी तो ओळीओळीने किसला. एवढ्या एका टप्प्यावर ८१ बैठका झाल्या. म्हणून 'लेखक कोण' या प्रश्नाला एक नाव देता येत नाही.

भारताचा त्यात काही हात होता की आपण नुसती सही केली?

सही करण्याचा प्रकार त्यात नव्हताच, मतदान होतं. हात मात्र चांगलाच होता. आयोगावर भारतातर्फे हंसाबेन मेहता होत्या. जन्म सुरतचा, म्हणजे नवापूरच्या आपल्या माणसाला मुंबईपेक्षा जवळचं गाव. त्या आपल्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला तो त्यांनीच.

पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान' असा अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती. रूझवेल्टबाईंना ती चालत होती, त्यात स्त्रिया आल्याच असं त्यांचं म्हणणं. हंसाबेन म्हणाल्या की काही देश याचा सोयीचा अर्थ लावतील. शेवटी 'सर्व मानव' झालं. गंमत अशी की त्याच कलमाच्या शेवटी 'बंधुभाव' मात्र तसाच राहिला, भगिनींची आठवण कुणाला झाली नाही.

आमच्या मते हंसाबेनचं याहून मोठं काम वेगळंच आहे. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हाला आयोगाने तीन गट केले: जाहीरनाम्याचा, बंधनकारक कराराचा आणि अंमलबजावणीचा. तिसऱ्या गटाच्या अध्यक्ष त्या होत्या. हक्क लिहिला, पण मोडला तर दाद कुणाकडे, हा प्रश्न त्या सोडत नव्हत्या. खानदेशातल्या कुठल्याही बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत हाच प्रश्न येतो.

इतक्या बैठका कशासाठी? चांगल्या गोष्टींवर वाद काय घालायचा?

चांगल्या गोष्टींवरच जास्त वाद होतात. माणूस 'ईश्वराच्या प्रतिमेत' निर्माण झाला असं लिहा, असं ब्राझीलचं म्हणणं होतं. इतरांना देव नको होता. 'निसर्गतः' हा शब्दही मसुद्यात होता. अखेर देवही गेला आणि 'निसर्गतः'ही गेला, राहिले ते विवेक आणि सदसद्‌बुद्धी. चँग यांचं म्हणणं होतं की नुसती बुद्धी पुरत नाही, दुसऱ्याचं दुःख ओळखण्याची शक्ती माणसाच्या व्याख्येत हवी.

धर्म बदलण्याच्या हक्कावर सौदी अरेबिया अडला. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान यांनी मात्र त्या हक्काच्या बाजूने भाषण केलं. लग्नाच्या कलमावर पाकिस्तानच्याच बेगम शाइस्ता इक्रामुल्ला बोलल्या, बालविवाह आणि जबरदस्तीची लग्नं डोळ्यांसमोर ठेवून. मालमत्तेच्या हक्कावर सोव्हिएत गट आणि पाश्चात्त्य देश समोरासमोर आले. तोडगा निघाला तो असा, की मालमत्ता 'एकट्याने तसेच इतरांसोबत' बाळगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

हा तोडगा लक्षात ठेवा, खाली जंगलाच्या प्रश्नात तो पुन्हा लागणार आहे.

जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द आहे का?

नाही. दुसऱ्या कलमात भेदभावाच्या कारणांची यादी आहे: वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म, मतं, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ, मालमत्ता, जन्म किंवा इतर दर्जा. भारताच्या प्रतिनिधीने चर्चेत 'जात' सुचवली होती, पण 'सामाजिक मूळ' आणि 'इतर दर्जा' यांत ती येते असं म्हणून आग्रह सोडला. आम्हाला विचाराल तर तो सोडायला नको होता.

त्याच सुमारास दिल्लीत संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं, ते आजचं कलम १७. म्हणजे पॅरिसच्या आधी अकरा दिवस. तिथे शब्द मोघम नव्हता.

मोघम शब्द का पुरत नाही, त्याचं उदाहरण चाळीसगावचं आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब आंबेडकर खानदेशात फिरत होते. चाळीसगावच्या महारवाड्यातली मंडळी स्टेशनवर आली आणि रात्री राहायचा आग्रह धरला. वस्ती नदीपलीकडे. पाहुण्याला पायी नेणं त्यांना बरं वाटेना. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी असं ठरलं की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणार कुणी टांगेवाला नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला, ज्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

शिबिरात हा प्रसंग सांगून आम्ही विचारतो: आता कलम लिहा. मुलं लिहितात, 'सर्वांना प्रवासाचा हक्क आहे.' टांगेवाल्याने तो नाकारला होता का? टांगा तर दिला होता! मग पुन्हा लिहितात, 'भाडं देणाऱ्या कुणालाही जातीवरून सेवा नाकारता येणार नाही, आणि सेवा म्हणजे नुसती गाडी नव्हे, गाडी चालवणंही.' इथपर्यंत यायला बराच वेळ लागतो.

आपल्या भागात याआधी असं कुणी काही लिहिलं होतं का?

लिहिलं होतं. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला: शेतसारा आणि कुळाचा खंड कमी करावा, कर्जातून सूट मिळावी, वेठबिगार आणि सरंजामी वसुली बंद व्हावी, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता मिळावी. जागतिक जाहीरनाम्याच्या चौथ्या आणि तेविसाव्या कलमांशेजारी तो ठेवून वाचा. बारा वर्षं आधी, केळीच्या मुलखात, बरंचसं तेच लिहिलेलं सापडेल.

मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं झालं. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेला हा माणूस. लेक सक्सेसला मसुदा समिती बसली ती त्याच्या पुढच्याच महिन्यात. दोन्हींचा आपसात काही संबंध नव्हता. आम्ही तारखा फळ्यावर शेजारीशेजारी लिहितो, एवढंच.

१९७० नंतर शहाद्याकडे आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटनेने सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांचे) आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचे प्रश्न लावून धरले. त्या काळातल्या मागण्या म्हणजे आमच्या दृष्टीने तयार कलमंच आहेत.

संविधान आहे ना, मग गावाने वेगळं कशाला लिहायचं?

संविधान पुरेसं आहे. लिहिण्याचा खटाटोप ते समजून घेण्यासाठी आहे. लिहिता लिहिता कळतं की आपलं कुठलं गाऱ्हाणं आधीच कायद्यात आहे आणि कुठलं अजून कुणी लिहिलेलंच नाही.

सुरुवात कुठून करायची?

गाऱ्हाण्यापासून. 'समता', 'स्वातंत्र्य' हे शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचेच नाहीत. प्रत्येकाने गेल्या वर्षभरात आपल्यावर किंवा शेजाऱ्यावर झालेला एक अन्याय सांगायचा, तोही काय झालं, कुठे झालं, कुणी केलं एवढ्याच बेताने. सांगणारा रडला तर थांबायचं, घाई करायची नाही. वहीत सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही.

मग एकेका गाऱ्हाण्याला तीन प्रश्न विचारायचे. हे पुन्हा होऊ नये म्हणून कुणी काय करायला हवं? न केल्यास दाद कुणाकडे? आणि हाच हक्क मला नको असलेल्या माणसालाही मिळाला तर मला चालेल का? तिसऱ्या प्रश्नावर बैठक शांत होते. भाऊबंदकी, जुनी भांडणं, निवडणुकीचे गट, सगळं तिथे वर येतं. जो मसुदा या प्रश्नातून पार झाला नाही तो गावाच्या नावावर खपवू नका, तो एका गटाचा मागणी-अर्ज आहे.

वाद झाला तर काय करायचं?

वाद झाला नाही तर काळजी करा. चोपडा तालुक्यातल्या एका बैठकीचं सांगतो. मुलांनी छान कलम लिहिलं होतं: 'प्रत्येकाला कामाचा योग्य मोबदला मिळण्याचा हक्क आहे.' मागे बसलेली एक म्हातारी मजूरबाई म्हणाली, "हक्क राहू द्या भाऊ, पैसा कव्हय भेटतीन ते सांगा." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग कलम बदललं: 'आठवडाभराची मजुरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातात मिळावी.' कारण शनिवारच्या बाजाराला रविवारी मिळालेल्या पैशाचा उपयोग नाही, आठ दिवसांचं तेल-मीठ उधारीवर येतं आणि उधारीचा भाव वेगळा.

आता शेतकरी उठले. त्यातला एक, चार एकरवाला, म्हणाला की कापूस देऊन महिना झाला, व्यापारी आज-उद्या करतोय, मी कुठून आणू? त्याचं खोटं नव्हतं. मुलांनी लगेच तडजोड सुचवली: 'शक्य असल्यास' असे दोन शब्द घाला. तिथे आम्ही अडलो. हे दोन शब्द घातले की कलम मेलं. शेतकऱ्याची हरकत म्हणजे मजुराच्या कलमाला सूट नाही, ते त्याचं स्वतःचं न लिहिलेलं कलम आहे. म्हणून दुसरं कलम लिहिलं गेलं: 'माल विकणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत पैसे मिळण्याचा हक्क आहे, आणि मुदत विक्रीच्या वेळी कागदावर लिहावी.' पहिलं कलम जसंच्या तसं राहिलं. दोन्हीकडच्यांनी अंगठे-सह्या केल्या. कुरकुर राहिलीच, पण ती व्यापाऱ्याकडे वळली.

पॅरिसमध्येही बऱ्याच अंशी असंच चाललं होतं. सोव्हिएत प्रतिनिधींना नुसती नागरी स्वातंत्र्यं अपुरी वाटत होती, लॅटिन अमेरिकेच्या देशांना पोटापाण्याचं हवं होतं. त्यातून काम, विश्रांती, आरोग्य, शिक्षण यांची २२ ते २७ ही कलमं उभी राहिली. हरकत घेणाऱ्याला गप्प बसवलं असतं तर जाहीरनामा निम्मा झाला असता.

सालदाराच्या सुट्टीसाठी कलम लिहिता येतं का? लोक हसतात.

हसू द्या. २४ वं कलम नेमकं तेच सांगतं: कामाच्या तासांना वाजवी मर्यादा, विश्रांती आणि अधूनमधून पगारी सुट्टी. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो आणि वर्षभर त्याचा दिवस मालकाच्या घड्याळावर चालतो. एका सालदाराने मागितलं होतं ते इतकंच: पोळ्याला बैल सजवून झाल्यावर उरलेला दिवस आपला, आणि बायकोच्या बाळंतपणाचे दिवस सालातून कापायचे नाहीत. दोन्ही वाक्यं आम्ही त्याच्याच शब्दांत घेतली.

बाई-माणसाच्या रोजात फरक असतोच. तो कसा लिहायचा?

'समान कामाला समान वेतन' हे २३ व्या कलमात आहे आणि १९७६ साली देशात तसा कायदाही झाला. गावात उत्तर ठरलेलं: काम समान नाही, केळीचा घड माणूस उचलतो. मग शेतातल्या कामांची यादी करा. निंदणी, वेचणी, खत टाकणं, पाणी भरणं. घड उचलणं सोडून बाकीच्या कामांना वेगळा रोज का, हे विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. कापूस वेचणीचा दर किलोवर असतो तिथे हा फरक नसतो, हेही बायकाच दाखवून देतात.

आमच्याकडे सातबाराच नाही. आमचा मालमत्तेचा हक्क कुठला?

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातून हा प्रश्न हमखास येतो. १७ व्या कलमात 'इतरांसोबत' मालमत्ता बाळगणं आहे आणि कुणाचीही मालमत्ता मनमानीने हिरावून घेऊ नये असंही आहे. पण जो पिढ्यानपिढ्या कसतोय आणि ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्याकडून काय हिरावलं हे दाखवायचं कसं? सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती धडगाव आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली. तिथल्या माणसांना आपण इथलेच आहोत हे आधी सिद्ध करावं लागलं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने यातला काही भाग कागदावर आणला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, आणि त्याशिवाय गावाचा सामूहिक वनहक्क. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. वडीलधाऱ्यांची साक्ष, जुनी झाडं, विहिरी, गावदेवीची जागा हेही पुरावे धरता येतात. म्हणून या भागात जाहीरनामा लिहिताना एक नकाशाही काढून घ्या. कोण कुठपर्यंत कसतं, चराई कुठे, स्मशान कुठे.

दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मग लिहिणार कोण?

ते परतल्यावर लिहा. घाई असेल तर जाण्याआधी, उचल (आगाऊ रक्कम) घेण्याच्या दिवसांत बसा. त्यांच्याविना लिहिलेल्या मसुद्यात मुकादम, कोयता, फडावरची खोप आणि पोरांची शाळा यांतलं काहीच येत नाही. २६ वं कलम प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं म्हणतं, पण गुजरातच्या उसाच्या फडात बसलेल्या पोराचं नाव शाळेच्या हजेरीत नंदुरबारला असतं.

कुठल्या भाषेत लिहायचं?

ज्या भाषेत भांडता त्या भाषेत. अहिराणी, भिलोरी, पावरी, तडवी, लेवा, गुजरी, जी असेल ती. मराठी प्रत नंतर करा, ठरावासाठी ती लागतेच. प्रत झाल्यावर मूळ सांगणाऱ्यांना वाचून दाखवा.

सगळे हक्कच मागतात, कर्तव्यांचं काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा मालक, शिक्षक किंवा सरपंच विचारतात, मजूर कधी विचारत नाही. पण प्रश्न खरा आहे. १९४७ साली युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना मतं विचारली, तेव्हा गांधीजींनी छोटंसं पत्र पाठवलं: हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. जाहीरनाम्यात २९ वं कलम समाजाप्रति कर्तव्यांचं आहे. ते शेवटाकडे आहे आणि 'कर्तव्य केलं तरच हक्क' अशी अट त्यात नाही. तुम्हीही कर्तव्याचं कलम घ्या, फक्त ते पहिलं ठेवू नका. पहिलं ठेवलं की ते दुबळ्यावरच लागू होतं.

या कागदाला कायद्याने काही किंमत आहे का?

गावाच्या जाहीरनाम्याला थेट नाही. १९४८ च्या जाहीरनाम्यालाही करारासारखं बंधन नव्हतं. त्यातून पुढे १९६६ चे दोन करार निघाले, १९७६ मध्ये ते लागू झाले आणि भारताने १९७९ मध्ये स्वीकारले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्याचा आधार घेतला. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला आणि नंतर महाराष्ट्राचाही झाला.

तुमच्या कागदातलं जे ग्रामपंचायतीच्या हातात आहे, ते ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा. ठराव नोंदवहीत चढला का, क्रमांक पडला का, हे त्याच दिवशी बघा. सरकारी माणसाने हक्क मोडला असेल किंवा दुर्लक्ष केलं असेल तर राज्य आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करत नाही, म्हणून तारीख लिहून ठेवा. मालकाने मजुरी बुडवली तर ते आयोगाचं काम नाही, कामगार खात्याकडे जा.

किती कलमं असावीत?

जितकी गावाला तोंडपाठ होतील तितकी.

१० डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी भाषण लिहून द्याल का?

नाही. त्या दिवशी तुमच्या मसुद्यातली तीन कलमं वाचा आणि हरकती मागवा.

दुसऱ्या गावाचा मसुदा वापरला तर चालेल?

वाचायला घ्या, नमुना म्हणून सही करायला नको. हम्फ्रीनेही इतरांचे मसुदे समोर ठेवलेच होते. चोपड्याचं मजुरीचं कलम रावेरला नेलं तेव्हा तिथे पैसे आठवड्याने मिळत नव्हते, केळीची गाडी भरली की मिळत होते, आणि गाडी वेळेवर आली नाही तर बसून काढलेल्या तासांचं काय, हा तिथला खरा वाद होता. त्यावर त्यांचं कलम अजून ठरायचं आहे.